दहावा सूचक

आमच्या भागात बेलीफ म्हणजे कोण, हे कुणाला सांगावं लागत नाही. दारात मोटारसायकल थांबली आणि माणसानं पिशवीतून कागद काढला, की घरातला कर्ता मागच्या दारानं निघतो. पण हा दिवाळी अंक लांबलांब जातो म्हणतात, म्हणून सांगतो. कुणी कुणावर कोर्टात दावा लावला की समोरच्याला तसं कळवावं लागतं. ते कळवणारा कागद म्हणजे समन्स, आणि तो माणसाच्या हातात नेऊन देणारा मी. एक प्रत त्याला द्यायची, दुसऱ्या प्रतीवर त्याच्याकडून ‘नक्कल मिळाली’ असं लिहून घ्यायचं आणि खाली सही. घ्यायला तयार नसेल तर दोन पंच बोलवायचे, त्यांच्यासमोर कागद दाराला चिकटवायचा आणि कोर्टात येऊन अहवाल लिहायचा. अहवालाला शेवट दोनच. बजावणी झाली, किंवा झाली नाही. शिरूर आणि दौंड या दोन कोर्टांत आलटूनपालटून मी उभी नोकरी काढली आणि या दोन शेवटांवर माझं छान भागलं. निवृत्तीनंतर मात्र एक काम असं गळ्यात पडलं, की त्याचा अहवाल मला अजून लिहिता आलेला नाही. म्हणून इथे लिहितो. वाचून कुणाला काही समजलं तर मलाही कळवावं.

आधी एक दौंडची गोष्ट सांगतो, म्हणजे लोक आम्हाला का टाळतात ते लक्षात येईल. रेल्वेतला एक ड्रायव्हर होता. मेव्हण्यानं घराच्या हिश्श्यावरून त्याच्यावर दावा लावला होता. क्वार्टरवर कधीही जा, बायको दारातूनच सांगायची, “ड्युटीवर गेलेत.” आणि ते खरंही असायचं. दौंडला काही गाड्यांचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात. तेवढ्या वेळात मी त्याला प्लॅटफॉर्मच्या कडेला गाठलं. मला वाटलं, शिव्या खाव्या लागणार. त्यानं इंजिनाच्या पायरीवर कागद ठेवून सही केली आणि म्हणाला, “मामा, हितं दिलंत ते लय बरं केलं. घरी आला असता तर सगळ्या कॉलनीत झालं असतं.” तेव्हापासून मी ओळखून होतो की लोकांना कोर्टापेक्षा शेजाऱ्यांची भीती जास्त.

आता साहेबांकडे येतो. त्यांचं नाव इथे वानखेडे साहेब असं धरू. विदर्भातले. दिवाणी न्यायाधीश म्हणून शिरूरला दोनदा बदलून आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले, कारण त्यांच्या बाईंना शिरूर आवडलं होतं. घर बांधलं आणि बाई गेल्या. साहेबांची एक सवय साऱ्या तालुक्याला माहीत होती. वकिलांचं बोलून संपलं तरी ते पक्षकाराकडे बघून विचारायचे, “तुमचं काय म्हणणं आहे?” वकिलांना ते आवडायचं नाही. पक्षकार तर गांगरूनच जायचा, कारण काय म्हणायचं नाही एवढंच त्याला शिकवून आणलेलं असायचं. दुसरी सवय म्हणजे साहेब शिरूरमध्ये कुठे चहा पीत नसत. कुणाच्या लग्नाला जात नसत, बाजारात घासाघीस करत नसत. न्यायाधीशानं कसं राहावं याचे नियम त्यांनी नोकरीत पाळले आणि नंतरही सोडले नाहीत. आम्हा कोर्टातल्या लोकांना त्यांचा अभिमान होता. माझा तर जीवच होता त्यांच्यावर, हे सांगायला मला लाज नाही.

गेल्या विधानसभेच्या आधी एके दिवशी त्यांचा फोन आला. मी दौंडहून शिरूरला गेलो. साहेबांनी स्वतः पाण्याचा पेला आणून दिला आणि म्हणाले, “शेलार, मी अपक्ष अर्ज भरतोय.”

मी पेला हातात धरून बसलो. कशाला, असं विचारायची बेलीफला सवय नसते. कागदात काय लिहिलंय त्याच्याशी आम्हाला कर्तव्य नसतं. तरी माझ्या तोंडून गेलंच, “कशाला साहेब?”

साहेब खिडकीकडे बघत होते. म्हणाले, “निकाल देणं मला येतं. लोकांकडे जाऊन काही मागणं कधी जमलं नाही. ही गेल्यापासून या घराची बेल पेपरवाल्याशिवाय कुणी वाजवत नाही. एकदा मागून बघायचंय. निवडून येईन असं मला वाटत नाही, काळजी करू नका.”

मला काही समजलं नाही. माणसं हवी असतील तर माणूस सत्यनारायण घालतो, आमदारकीला उभा राहत नाही. पण साहेबांनी काम सांगितलं आणि माझे कान टवकारले. पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. सूचक म्हणजे त्याच मतदारसंघातला मतदार, जो अर्जावर सही करून सांगतो की या माणसाला उभं राहू द्या. नावापुढे मतदार यादीतला भाग आणि अनुक्रमांक लिहायचा. एवढंच. दहा सह्या! ज्यानं पळणाऱ्या माणसांच्या सह्या घेण्यात जन्म घालवला, त्याला दहा सह्या म्हणजे काय! पहिली सही मीच करतो म्हणून मी पेन काढलं, तर साहेब म्हणाले, “तुमचं मत दौंडला.” खरंच की. दौंडचा मतदार शिरूरच्या उमेदवाराला चालत नाही. मी पेन परत खिशाला लावलं.

मग साहेबांनी त्यांची अट सांगितली. “ज्यांची केस माझ्यासमोर चालली त्यांची सही नको. जिंकलेल्यांची नको, हरलेल्यांचीही नको. त्यांच्या घरातल्या कुणाचीही नको. उद्या कुणी म्हणायला नको की निकालाची परतफेड झाली.”

मी हो म्हणून बाहेर पडलो आणि मोटारसायकलपाशी येऊन उभाच राहिलो. सगळ्या तालुक्यात मी ओळखतो ती घरं कुठली? ज्या घरांत समन्स नेलं ती. कुठल्या वस्तीवर कुत्रं सोडलेलं असतं, कुणाची मागची वाट उसातून निघते, सगळं तोंडपाठ. आणि आता मला अशी घरं शोधायची होती जिथे मी कधी गेलोच नव्हतो. त्यात सुरुवात कुठून करतात, हेच मला माहीत नव्हतं.

पहिल्यांदा शिक्रापूर गाठलं. तिथे चाळीच्या चाळी, एकेका खोलीत चार-चार कामगार. यांच्यावर कोण कशाला दावा लावतोय, असा माझा हिशेब. माणसं भली निघाली. एकजण सेकंड शिफ्टला निघाला होता, तो थांबला. म्हणाला, “अंकल, साइन तो कर देंगे, लेकिन हमारा वोट उधर गाँव में है.” त्याचं बिहारला, शेजाऱ्याचं लातूरला, त्याच्या पलीकडच्याचं नांदेडला. केस नाही तिथे मत नाही. मग खेड्यांकडे वळलो, तर तिथे वेगळाच घोळ. आमच्या तालुक्यातली काही गावं मतदानाला दुसऱ्या मतदारसंघात जोडलेली. एका गावात तासभर चहा पिऊन, राजकारण ऐकून मी सही मागितली, तेव्हा ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मामा, आमचं गाव तुमच्यात येत न्हाई. आमी आंबेगावात.” हे आधी सांगता येत नव्हतं का, असं मी विचारलं. म्हणाले, “तुमी इचारलंच न्हाई.”

शेवटी कोरेगाव भीमाला शोभाताई भेटल्या. निवृत्त आरोग्यसेविका. सगळ्या गावाला सुया टोचलेली बाई, पण कोर्टाची पायरी चढलेली नाही. मोटारसायकल लावली तेव्हाच आजूबाजूच्या ओट्यांवर बायका येऊन उभ्या राहिल्या. शोभाताई दारात आल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा उतरला. “मामा, आमच्या दारात? आमी कुनाचं काय केलं?”

मी सगळं समजावलं. त्यांनी आत बोलावलं. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली औषधांचं जुनं कपाट. अर्ज त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, दोन प्रश्न विचारले आणि पेन मागितलं. मी बोट ठेवून म्हटलं, “इथं लिहा, नक्कल मिळाली. आणि खाली सही.”

जीभ कशी वळते बघा. त्यांनीही लिहिलं. सरकारी बाई, सांगितलं तसं लिहायची सवय. त्यांच्यानंतर दोघांकडून मी तेच लिहून घेतलं आणि संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेब वाचत गेले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, साहेबांना काही होतंय. साहेब हसत होते. बाई गेल्यावर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो. “शेलार,” ते म्हणाले, “माझी उमेदवारी तुम्ही यांच्यावर बजावलीत.” अर्ज बाद. नवा आणला.

म्हणजे त्या तिन्ही घरी पुन्हा जाणं आलं. एकदा बेलीफ आला तर समन्स आणि दुसऱ्यांदा आला तर वॉरंट, असं गावाचं गणित असतं. शोभाताईंच्या गल्लीत मी वळलो तर पोरंसुद्धा क्रिकेट थांबवून बघायला लागली. शोभाताई मात्र खमक्या. त्या अर्ज घेऊन ओट्यावर आल्या, उभ्यानं कागद कठड्यावर ठेवला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलल्या, “बगा गं, ही केस न्हाई! मी एका माणसाला उभं करतीय!” समोरच्या म्हातारीनं विचारलं, “कोन माणूस गं?” शोभाताई मला म्हणाल्या, “मामा, कोन ते? मी तर साहेबांना कवा बगितलं पन न्हाई.”

मी सांगितलं, कडक आणि सज्जन आहेत. पण मनात कुठेतरी खट्टू झालो. ज्यानं ज्यानं सही केली त्यानं साहेबांना पाहिलेलं नव्हतं. सहीला तयार होते ते माझ्याकडे बघून, आणि माझ्याकडे तरी काय बघून, तर मी समन्स आणलं नाही एवढ्या आनंदात. साहेबांना माणसं हवी होती आणि मी त्यांना अनोळखी लोकांच्या सह्या गोळा करून देत होतो. हे बरोबर चाललंय की चूक, मला ठरवता येईना.

याच फेऱ्यांत एकदा भीमाकाठच्या एका गावाहून परतत होतो, तर रस्त्यात बबन आप्पा आडवे आले. डोक्याला मफलर, हातात चारा कापायचा विळा. आप्पांनी शेताला जायच्या वाटेसाठी चुलतभावावर दावा लावला होता आणि साहेबांनी तो फेटाळला होता. तेव्हापासून आप्पा ओढ्याकडून वळसा घालून शेतात जायचे.

“बेलीफ मामा, सगळ्या तालुक्यात सह्या मागत फिरताय म्हनं. मला का न्हाई इचारलं?”

“आप्पा, तुमची चालत नाही. साहेबांची अट आहे.”

“माझं मत शिरूरातच हाय.”

“तुमची केस साहेबांकडे होती.”

“व्हय. हरलो की मी.” आप्पांच्या आवाजात राग होता की काय होतं, ते मला कळलं नाही. मी गाडी चालू केली आणि सटकलो. हरलेल्या पक्षकाराशी रस्त्यात बोलायचं नाही, हा माझा जुना शिरस्ता होता.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी माझ्याकडे दहा सह्या होत्या. दहावी शिरूरच्या बाजारपेठेतल्या एका भांडीवाल्याची. साहेबांनी ते नाव वाचलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “यांच्या मिसेस न्हावऱ्याच्या का? माहेरच्या वाटणीच्या दाव्यात त्या प्रतिवादी होत्या. बहिणींना पक्षकार करतात ना, तशा.” मी म्हटलं, साहेब, त्या बाई तर कोर्टात आल्याही नसतील, भावानं सही करायला सांगितली तिथे केली असेल. साहेब म्हणाले, “नाव होतं.” आणि नवा अर्ज पुढे ओढून नऊ जणांची नावं पुन्हा स्वतः लिहायला घेतली.

मी हातच जोडले. “साहेब, नऊ जणांकडे आता पुन्हा जाणं होत नाही. तीन वाजता खिडकी बंद. हाच अर्ज राहू द्या.” साहेब थांबले. पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. मागून बघायचं म्हणाले होते आणि मागायच्या आधीच सगळं संपत होतं, तेही त्यांच्याच अटीनं. मला साहेबांचा राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तेवढ्यात बेल वाजली. पेपरवाल्याची वेळ नव्हती. दारात बबन आप्पा. अंगात धुतलेला सदरा, पण मफलर तोच.

“सही करायला आलोय,” आप्पा म्हणाले.

साहेबांनी त्यांना ओळखलं. पक्षकार ते विसरत नसत. “आप्पा, तुमचा दावा मी फेटाळला होता. जिंकलेला नको आणि हरलेलाही नको, असं मी ठरवलंय.”

“मग ऱ्हातंय कोन साहेब? ज्याचं तुमच्याकडं कायीच काम पडलं न्हाई, त्यो तुमाला वळखतो तरी का?”

मला शोभाताई आठवल्या. मग साहेबांनी, कोर्टात विचारायचे अगदी तसंच विचारलं, “तुमचं काय म्हणणं आहे?”

आप्पा खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानंच बोलले. “माझं म्हननं येवढंच की तुमी उभं ऱ्हावा. आन् पडा.”

“आप्पा!” मी ओरडलो.

“बोलू द्या त्यांना, शेलार.”

“त्या दिशी निकाल लागला साहेब. वकील पुढच्या कामाला गेला, चुलतभाऊ जीपगाडीत बसून गेला. मला घरी जायला तोंड न्हवतं. कोर्टाच्या समोर चहाची गाडी हाय, तिथं बाकड्यावर बसलो. पार बाजार उठंस्तवर. वळखीचं माणूस येत हुतं, बगून पुढं जात हुतं. तुमची गाडी बी गेली समोरनं. तुमी सरळ बगत हुता. म्हनलं, या मानसानं माझं सगळं ऐकून घेतलं, समदं खरं, पन हरल्याव काय व्हतं ते काय याला ठावं न्हाई. म्हनून म्हनतो, उभं ऱ्हावा. कुठं करायची सही?”

मी साहेबांकडे बघितलं. हा माणूस सूड घ्यायला आला होता की सोबत करायला? सही घ्यावी की दाराबाहेर काढावा? मी आयुष्यभर माणसांच्या तोंडाकडे बघून ओळखत आलो, की हा सही करणार की पळणार. आप्पांच्या तोंडावर मला काही वाचता आलं नाही. साहेबांनी भांडीवाल्याच्या नावावर रेघ ओढली, शेजारी आपली सही केली आणि खाली आप्पांचं नाव लिहून पेन त्यांच्या हातात दिलं. आप्पांनी मला विचारलं, “नक्कल मिळाली लिवायचं का?” तालुक्याला सगळं कळलेलं होतं.

अर्ज खिडकीत गेला आणि छाननीत टिकला. पुढचं सांगण्यासारखं फार नाही. साहेब दारोदार फिरले, म्हणजे मी फिरवलं. लोक खुर्ची द्यायचे आणि उभे राहायचे. मत द्या, एवढे दोन शब्द उच्चारायला साहेबांना तीन-चार गावं लागली. साहेब पडले आणि अनामत जप्त झाली. लोकांच्या घरच्या जप्त्या मी पुष्कळ केल्या होत्या, साहेबांवर आलेली पहिल्यांदा बघितली.

मतमोजणीच्या जागेवरून आम्ही दोघं बाहेर आलो तेव्हा एका बाजूला गुलाल उधळत होता आणि डीजेनं कान बधिर झाले होते. साहेबांना ओळखणारे दोन वकील दिसले. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं. साहेब म्हणाले, “चला शेलार.” पण निघाले भलत्याच बाजूला. गाडी कुठे लावली हेही त्यांना आठवत नव्हतं.

फाटकाशी बबन आप्पा उभे होते. गुलाल त्यांच्याही मफलरवर पडलेला, तो गर्दीत कुणीही टाकतो. त्यांनी साहेबांचा दंड धरला. न्यायाधीशाला असं धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. “चला साहेब. कुठं बसायचं असतं ते मला ठावं हाय.”

कोर्टासमोरच्या त्या चहाच्या गाडीपाशी आम्ही गेलो. आप्पांनी बाकडं उपरण्यानं पुसलं, साहेबांना मधे बसवलं आणि तीन चहा सांगितले. येणारेजाणारे बघत होते. कुणी थांबत होतं, कुणी पुढे जात होतं. साहेबांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि पहिला घोट घेतला. मी बसावं की उभं राहावं या पंचाइतीत होतो, शेवटी टेकलो.

राहवेना म्हणून मी आप्पांच्या कानाशी लागलो. “आप्पा, खरं सांगा. मत कुणाला दिलंत?”

आप्पांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ते साहेबांकडे वळून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ, आणि म्हणाले, “हं. आता बोला साहेब. तुमचं काय म्हननं हाय?”